पाण्याखालचा कॅमेरा स्वस्त कसा झाला

पाण्याखाली छायाचित्र काढताना तीन अडचणी येतात. पाणी कॅमेऱ्यात शिरू पाहते. ते प्रकाश गिळते, आणि गिळताना सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाही. तिसरी अडचण गढूळपणाची: तरंगणारा गाळ, वाळूचे कण आणि सूक्ष्म जीव यांच्यामुळे चार हातांवरचे दृश्यही धूसर होते. 1856 पासून आजपर्यंत निघालेला पाण्याखालचा प्रत्येक कॅमेरा यांपैकी कोणत्या ना कोणत्या अडचणीवरचा तोडगा आहे. पहिली अडचण आता अगदी थोड्या पैशांत सुटते, दुसरीला थोडा अभ्यास लागतो आणि तिसरी कितीही पैसे ओतले तरी पुरती सुटत नाही. मालवणच्या समुद्रात उतरणाऱ्या हौशी माणसाने कॅमेऱ्यावर किती आणि कशासाठी खर्च करावा, हे या इतिहासाच्या आधारे ठरवता येते.

होडीतून सोडलेली पेटी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ या गावी विल्यम थॉम्पसन नावाचा एक वकील राहत होता. समुद्रातील जीवांचा अभ्यास हा त्याचा छंद. पुलांचे आणि धक्क्यांचे पाण्यातले पाये छायाचित्रातून तपासता येतील, असे त्याच्या मनात आले. 1856 च्या फेब्रुवारीत त्याने काच बसवलेल्या एका पेटीत कॅमेरा ठेवला आणि ती होडीतून सुमारे 18 फूट खोल सोडली. माणूस वर राहिला, कॅमेरा खाली गेला. आतली काच कलोडियन या रसायनाचा ओला थर दिलेली होती आणि तिला सुमारे 10 मिनिटे प्रकाश दाखवावा लागला. तेवढ्या वेळात पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर खडक आणि शेवाळ यांची पुसट आकृती उमटली. पाण्याखालच्या छायाचित्रणाचा जगातला हा पहिला प्रयत्न मानला जातो, आणि त्यात कॅमेरा गळलाच.

पाणी आत का शिरते, हे दाबाच्या हिशेबावरून कळते. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास 1 किलो भार पडतो. 10 सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद झाकणावर 10 मीटर खोलीत सुमारे 100 किलो वजन ठेवल्यासारखे होते. एवढा भार असल्यावर केसाएवढी फटही पुरते.

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ याने 1893 मध्ये या दाबावर एक साधा उपाय काढला. स्पेनच्या सीमेजवळील बान्यूल्स-सुर-मेर येथील सागरी प्रयोगशाळेत तो काम करत असे. भाऊ ओग्यूस्त याने त्याला जलरोधक पेटी तयार करून दिली. पेटीला हवा भरलेला रबरी फुगा जोडलेला होता. पेटी खोल जाईल तसा पाण्याचा दाब फुग्यातली हवा पेटीत ढकलत असे आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राहत असे. बुताँ स्वतः शिरस्त्राण आणि जड पोशाख घालून तळाशी उतरे. प्रकाशासाठी त्याने पिंपावर बसवलेला मॅग्नेशियमचा दिवा वापरून पाहिला. नुसत्या सूर्यप्रकाशावर एकेका चित्राला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. 1899 मध्ये त्याने रुमेनियन शास्त्रज्ञ एमिल राकोविता याचे पाण्याखाली छायाचित्र घेतले, आणि 1900 मध्ये या विषयावरचे त्याचे पुस्तक निघाले. एका चित्रामागे होडी, माणसे, पिंप, पोशाख आणि प्रयोगशाळा एवढा लवाजमा लागत होता. त्यामुळे हे काम संस्थेच्या खर्चानेच होणारे होते.

रंगाचा शोध

रंगीत छायाचित्र यायला आणखी पाव शतक गेले. विल्यम लाँगली हा माशांचा अभ्यासक आणि नॅशनल जिऑग्राफिकचा छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी 1926 मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगाज बेटांपाशी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे काढली. मासे स्थिर राहत नसल्यामुळे बुताँसारखे मिनिटे मोजत बसणे शक्य नव्हते. त्यांनी पाण्यावर एक तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली. त्या स्फोटाचा लखलखाट पाण्यात शिरला तेवढ्या क्षणात चित्र घेतले गेले. ही छायाचित्रे 1927 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली.

एवढा उजेड का लागला, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटर खोलीवर लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, त्यानंतर पिवळा. निळा आणि हिरवा टिकतात. चंद्रशेखर वेंकट रामन 1921 मध्ये युरोपातून बोटीने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे तोवरचे स्पष्टीकरण त्यांना पटले नाही. या निळाईत पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचाही वाटा असतो, असे त्यांनी दाखवले. पाण्याखाली कॅमेरा धरणाऱ्याला हीच निळाई सगळ्या चित्रावर पसरलेली दिसते.

रंगाच्या हिशेबात एक गोष्ट नेहमी विसरली जाते. प्रकाश पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत जेवढे पाणी कापतो, त्यात वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचे पाणीही मिळवावे लागते. तीन मीटर खोल असलेला मासा तीन मीटर लांबून टिपला, तर रंगाची हानी सहा मीटरची होते. म्हणून जवळ जाणे हा रंग परत मिळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पेटी सुटली

जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी 1943 मध्ये ॲक्वा-लंग हे श्वसनयंत्र बनवले आणि पाणबुड्या होडीला बांधणाऱ्या हवेच्या नळीतून मोकळा झाला. आता कॅमेराही तसाच सुटसुटीत हवा होता. बेल्जियन अभियंता जाँ द वुटर्स याने कॅलिप्सो हा कॅमेरा आखला आणि 1960 च्या सुमारास तो फ्रान्समध्ये बाजारात आला. त्याला वेगळी पेटी नव्हती. कॅमेऱ्याचे अंगच जलरोधक होते आणि जोडांवर ओ-रिंग म्हणजे रबराच्या कड्या बसवलेल्या होत्या. जपानच्या निकॉन कंपनीने हा आराखडा घेतला आणि 1963 पासून निकोनॉस या नावाने तो विकायला सुरुवात केली. निकोनॉस पाचपर्यंतच्या या मालिकेतले कॅमेरे 50 मीटरपर्यंत चालत. अखेरचा नमुना 1992 चा निकोनॉस आरएस, आणि 2001 मध्ये मालिका बंद झाली.

निकोनॉस लहान आणि मजबूत होता, पण वापरायला सोपा नव्हता. त्यात अंतर अंदाजाने लावावे लागे. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे 1.33 असल्यामुळे पाण्यातली वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाव भागाने जवळ दिसते. पण भिंगालाही ती तशीच दिसते, म्हणून प्रत्यक्ष मोजलेले अंतर न लावता डोळ्याला भासते ते लावावे लागे. शिवाय एका बुडीत 36 चित्रे मिळत. रोल पाण्याखाली बदलता येत नसे आणि चूक झाली की नाही, ते रोल धुतल्यावरच कळे. त्यामुळे वाया गेलेल्या चित्रांवरही बराच खर्च होई.

याच काळात दुसरी वाट निघाली. अमेरिकेतील आइक ब्रिगहम यांनी 1962 मध्ये आयकेलाइट ही कंपनी सुरू केली आणि साध्या कॅमेऱ्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्या बनवल्या. पेटी पारदर्शक असली की पाण्याचा पहिला थेंब आत दिसताच माणूस वर येऊ शकतो. जमिनीवर वापरायचा कॅमेराच पाण्यात नेता येत असल्यामुळे दुसरा कॅमेरा घ्यावा लागत नसे. हाउसिंग हा शब्द आज जिथे जिथे ऐकू येतो, तिथे हीच कल्पना आहे.

पिवळे कॅमेरे

कमी पैशांत पाण्याखाली जाणारा कॅमेरा सर्वसामान्यांसाठी 1980 च्या दशकात आला. मिनोल्टाने 1980 मध्ये वेदरमॅटिक ए काढला. तो पिवळ्या रंगाचा होता, 110 आकाराच्या छोट्या फिल्मवर चाले, पाच मीटरपर्यंत पाणी सहन करी आणि हातातून सुटला तर तरंगत असे. पुढे फुजी आणि कोडॅक यांनी एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांच्या जलरोधक आवृत्त्या काढल्या. पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात पुठ्ठ्याचा कॅमेरा, 27 चित्रांचा रोल आणि रबरबँडने ओढायचा खटका, एवढाच त्याचा संसार.

या कॅमेऱ्यांनी पहिली अडचण सोडवली आणि दुसरी उघडी पाडली. पाच मीटर ही मर्यादा पृष्ठभागावर पोहत खाली पाहणाऱ्या स्नॉर्केलरला पुरेशी होती. पण त्यांचे भिंग ठरावीक अंतरावर स्थिर असे, साधारण मीटरभरापासून पुढचेच स्पष्ट येई. म्हणजे रंगासाठी जवळ जावे तर चित्र अस्पष्ट, आणि स्पष्टतेसाठी मागे यावे तर सगळे निळे. सुट्टीहून परतलेल्या माणसाच्या पाकिटातून निळसर, फिकी चित्रे निघत, त्याचे कारण हेच होते.

भारतात तेव्हा कॅमेरा हीच चैनीची वस्तू होती. मध्यमवर्गीय घरांत वडोदऱ्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री, पुढे हॉट शॉट, हे लग्न-मुंजीला आणि सहलीला बाहेर काढले जाणारे कॅमेरे होते. 1991 च्या उदारीकरणापूर्वी परदेशी कॅमेऱ्यावर आयात परवाना आणि भरमसाट जकात यांचे ओझे असे. पाण्याखालचा कॅमेरा पश्चिम किनाऱ्यावर आला तो मुख्यतः शास्त्रीय संस्थांच्या हातून. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1 जानेवारी 1966 रोजी ती स्थापन झाली. तिच्या सागरी पुरातत्त्व विभागाने शिकारीपुरा रंगनाथ राव यांच्या नेतृत्वाखाली 1980 च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोधकार्य केले. तळावरची भिंत, नांगराचा दगड किंवा भांड्याचा तुकडा जागेवरून हलवण्याआधी त्याचे चित्र आणि मोजमाप घेणे, ही या शास्त्राची पहिली शिस्त आहे. त्यामुळे पाणबुड्याच्या हातात कॅमेरा असणे हौसेपेक्षा पुराव्यासाठी गरजेचे होते.

मालवणचे खडक

मराठी माणसासाठी पाण्याखालचे जग उघडले ते प्रामुख्याने मालवणात. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. त्या बेटाभोवतीच्या ज्या खडकांनी शत्रूच्या गलबतांना अडवले, त्याच खडकांवर प्रवाळ, स्पंज आणि माशांचे थवे नांदतात. 1987 मध्ये या परिसराला मालवण सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला.

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 1998 च्या जानेवारीत खुला झाला आणि कुडाळ स्थानकावर उतरून मालवण गाठणे सोपे झाले. त्यानंतरच्या वर्षांत किल्ल्याची सहल करणाऱ्यांना स्नॉर्केलिंग दाखवणाऱ्या होड्या वाढल्या. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने स्थानिक तरुणांना पाण्याखालच्या मार्गदर्शनाचे शिक्षण मिळू लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, तिथे सरावासाठी खोल तलावही बांधला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणाऱ्या घरांतली मुले प्रमाणपत्र घेऊन पर्यटकांना समुद्रात उतरवू लागली.

इथे कॅमेऱ्याची एक वेगळी रीत पडली. मालवणात उतरणारे बहुतेक लोक पहिल्यांदाच स्कूबा करतात. प्रशिक्षक त्यांना धरून काही मीटर खोल नेतो. अशा माणसाच्या दोन्ही हातांना मास्क, श्वास आणि कानातला दाब सांभाळण्याचेच काम पुरते, त्याला कॅमेरा देणे धोक्याचे असते. म्हणून चित्रीकरण मार्गदर्शकच करतो आणि वर आल्यावर ते पर्यटकाच्या फोनवर उतरवून देतो. ‘फोटो-व्हिडिओसकट’ हे शब्द मालवणच्या स्कूबाच्या दरपत्रकात जवळजवळ गृहीत धरले जातात. बुताँच्या लवाजम्याचे काम आता एका मनगटावर मावते.

डिजिटल पाणी

हा बदल घडवला डिजिटल कॅमेऱ्याने. चित्र फुकट झाले, ते लगेच दिसू लागले आणि चुकीतून त्याच बुडीत शिकता येऊ लागले. ऑलिम्पसने 2006 मध्ये खिशात मावणारा 720 एसडब्ल्यू काढला. तो कोणत्याही पेटीविना तीन मीटर खोल जाई. कॅनन डी 10 ने 2009 मध्ये 10 मीटर गाठले, निकॉन डब्ल्यू 300 ने 2017 मध्ये 30 मीटर. ऑलिम्पसच्या टीजी मालिकेची खोली 15 मीटरपाशी स्थिरावली. पण या मालिकेला पाणबुड्यांत मान मिळाला तो दुसऱ्याच गुणामुळे: तिचे भिंग एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही स्पष्ट होते. पिवळ्या कॅमेऱ्यांना जे जमले नाही, ते इथे साधले.

दुसरी धारा गोप्रोची. निक वुडमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा 2004 चा पहिला कॅमेरा फिल्मवर चालणारा होता आणि तो लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी होता. 2009 पासूनच्या डिजिटल नमुन्यांसोबत 60 मीटर चालणारे हाउसिंग मिळू लागले. पण त्याची पुढची काच घुमटासारखी होती. हवेत ती उत्तम चाले, पाण्यात मात्र चित्र अस्पष्ट येई, कारण घुमट काच पाण्यात भिंगासारखी वागते आणि स्थिर भिंगाला ते अंतर जमत नाही. पाणबुड्यांनी सपाट काचेचे आवरण मागितले आणि पुढच्या नमुन्यांत ते आले. सपाट काचेने दृश्य थोडे अरुंद होते, तरी स्पष्ट राहते. 2016 च्या हिरो 5 पासून कॅमेरा हाउसिंगविनाही 10 मीटर जाऊ लागला. डीजेआयच्या 2023 च्या ॲक्शन 4 ने हीच मर्यादा 18 मीटरवर नेली. दरम्यान एसजेकॅमसारख्या चिनी कंपन्यांनी 30 मीटरच्या हाउसिंगसह मिळणारे कॅमेरे बरेच कमी किमतीत आणले, आणि भारतात अनेकांचा पहिला ॲक्शन कॅमेरा तोच ठरला.

तिसरी धारा फोनची. आयपी 67 या मानकाचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात 30 मिनिटे एवढाच आहे. आयपी 68 मध्ये खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो, आणि चाचणी तिथेही गोड्या पाण्याचीच असते. समुद्राचे मीठ चार्जिंगच्या खाचेत बसून धातू खाते. पाण्यात स्पर्शपटलही नीट चालत नाही. म्हणून फोनसाठी मऊ प्लास्टिकची पिशवी आली. पिशवीतली हवा खोल गेल्यावर दबते, प्लास्टिक पटलाला चिकटते आणि बटणे दबली जातात. ती मीटरभर पाण्यातल्या खेळासाठी ठीक आहे. त्याखाली उतरायचे असेल तर फोनसाठी यांत्रिक बटणांचे कडक हाउसिंग लागते, आणि त्याची किंमत बऱ्याचदा साध्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या जवळ जाते.

निवड कशी ठरते

मालवणात स्कूबाचा हंगाम पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत चालतो. कर्लीसारख्या नद्या गाळ आणतात, भरती-ओहोटी तो ढवळते. त्यामुळे बऱ्याच दिवशी दृष्टी काही मीटरांपलीकडे पोचत नाही. पाहुण्या पाणबुड्यांच्या बुड्याही उथळच असतात. म्हणजे 40 मीटरचे हाउसिंग आणि महागडा दूरदर्शी भिंगाचा कॅमेरा इथे वाया जातात. इथे कामाचे गुण चार: 10 ते 15 मीटरची खात्री, रुंद कोन, जवळून स्पष्टता आणि रंग दुरुस्त करण्याची सोय.

पृष्ठभागावरून स्नॉर्केल करणाऱ्याला ॲक्शन कॅमेरा सर्वांत स्वस्तात पडतो. रुंद कोनामुळे जवळ जाऊनही पूर्ण मासा चौकटीत येतो. 4के व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीत सुमारे 83 लाख बिंदू असतात, त्यामुळे चित्रीकरणातून चांगला क्षण वेगळा काढता येतो. त्याचे भिंग मात्र हातभर अंतराच्या आत अस्पष्ट होते. शिंपल्यावरची गोगलगाय किंवा प्रवाळाची तोंडे टिपायची असतील, तर टीजीसारखा जवळून पाहणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा लागतो. प्रमाणपत्र घेतलेल्या पाणबुड्याची सुरुवातीची मर्यादा 18 मीटर असते. कॉम्पॅक्टची 15 मीटरची मर्यादा त्याला अपुरी पडते, म्हणून त्याला हाउसिंग घ्यावेच लागते. टीजीसाठी मिळणारे हाउसिंग 45 मीटरपर्यंत जाते. हाउसिंग असले की कॅमेऱ्याच्या जुन्या झालेल्या झाकणांवर भरवसा ठेवावा लागत नाही. वापरलेला कॉम्पॅक्ट स्वस्त मिळतो, पण त्याची रबरी पट्टी किती जुनी आहे, हे दुकानात दिसत नाही. असा कॅमेरा हाउसिंगविना पाण्यात नेऊ नये.

रंगासाठी तीन उपाय आहेत आणि त्यांचा क्रमही खर्चाचाच आहे. पहिला, कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ पाण्याखालच्या सेटिंगवर ठेवणे किंवा रॉ फाइल घेऊन नंतर दुरुस्त करणे. दुसरा, लाल फिल्टर. तो साधारण तीन मीटरनंतर उपयोगी पडतो आणि फक्त सूर्यप्रकाशातच चालतो, कारण तो लाल रंग देत नाही, निळा-हिरवा कमी करतो. तिसरा, दिवा. दिव्याचा उजेड हातभर अंतरापर्यंत खरे रंग परत आणतो. गढूळ पाण्यात मात्र तो शत्रू होतो. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसे भिंगाला चिकटून ठेवलेल्या दिव्याने गाळाचा प्रत्येक कण पांढरा चमकतो. दिवा भिंगापासून लांब, बाजूने धरला तर हा त्रास कमी होतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश मालवणच्या पाण्यात बहुधा बंदच ठेवणे बरे.

स्नॉर्केल करताना कॅमेऱ्याला तरंगणारी दोरी असावी. ॲक्शन कॅमेरा सुटला की तळाशी जातो आणि गाळात सापडत नाही. तरंगणे आणि स्थिर राहणे शिकण्यावर केलेला खर्च कॅमेऱ्यावरच्या खर्चाइतकाच चित्रात दिसतो. हे कौशल्य नसलेला माणूस आधारासाठी खडकाला धरतो. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहेत. त्यांना हात लावून किंवा हलवून चित्र घेणे चुकीचे आहे, आणि प्रवाळाचा तुकडा उचलणे गुन्हा आहे.

रबराची कडी

निकोनॉसच्या काळापासून आजपर्यंत कॅमेऱ्याचे आयुष्य ओ-रिंगवर अवलंबून आहे. केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा तिच्यावर अडकला की हाउसिंग गळते. झाकण लावण्यापूर्वी ती उजेडात धरून बोटाने तपासावी. उत्पादकाने सांगितले असेल तिथे सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबराला सरकायला मदत करते. जास्त लावले तर उलट वाळू धरून ठेवते. बुडीनंतर बंद कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा आणि बटणे काही वेळा दाबावीत, म्हणजे खाचांतले मीठ विरघळते. नळाची जोराची धार मारू नये. कोकणच्या दमट हवेत हाउसिंग बंद केले की आतली वाफ गार पाण्यात काचेवर जमते. त्यासाठी कोरड्या खोलीत झाकण लावणे आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवणे पुरते.

नवे हाउसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याविना तपासावे. आत टिश्यू कागद ठेवायचा, वजनासाठी दगड बांधायचा आणि ते पाण्यात सोडायचे. बादलीत मोठी गळती कळते, पण दाब मिळत नाही. दोरीने विहिरीत पाच-सहा मीटर पाण्यात सोडले तर तेवढ्या खोलीचा खरा दाब मिळतो. अर्ध्या तासाने कागद कोरडा निघाला, तर हाउसिंग निदान तेवढ्या खोलीसाठी तयार आहे.

तलावाच्या काठी

हाउसिंगची ही परीक्षा समुद्रापासून दूर राहणाऱ्याला जास्त उपयोगी आहे. उदाहरणार्थ, गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव राज्याच्या पूर्व टोकाला, भातशेतीच्या आणि तलावांच्या मुलखात आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांसाठीच ओळखला जातो. मालगुजारीच्या काळात बांधलेल्या इथल्या जुन्या तलावांना माजी मालगुजारी, बोलीत मामा तलाव म्हणतात. मालवणला पोचायला इथून पूर्ण राज्य आडवे ओलांडावे लागते. तिथे पोचल्यावर हाउसिंग गळते असे कळले, तर दुरुस्तीची सोय नसते.

तलावात पोहत चित्रे काढणे मात्र टाळावे. पाणी गढूळ असते, तळाचा चिखल पाय धरतो आणि कमळाचे देठ अंगाला गुंडाळतात. माशांचे चित्र हवे असेल, तर अभ्यासक वापरतात ती पद्धत सोपी आहे. ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या, जाळ्यात आलेला मासा काठावरच्या अरुंद काचपेटीत, स्वच्छ पाण्यात काही क्षण ठेवायचा, बाहेरून साध्या कॅमेऱ्याने टिपायचा आणि परत सोडायचा. पेटी अरुंद असल्यामुळे मासा काचेजवळ राहतो, मधले पाणी चार बोटांचे उरते आणि रंग पूर्ण येतात. पाण्यातले दृश्यच हवे असेल, तर पावसाळ्यानंतर गाळ बसला की हिवाळ्यातल्या सकाळी लांब काठीच्या टोकाला ॲक्शन कॅमेरा बांधून तो काठावरून किंवा डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, पाण्यात धरता येतो. थॉम्पसनने वेमथच्या खाडीत केले ते हेच होते. त्याला एका पुसट चित्रासाठी 10 मिनिटे लागली आणि पेटी गळली. आजच्या साध्या कॅमेऱ्याला सेकंदाचा अंश पुरतो आणि तो सहसा गळत नाही. पाण्याचा गढूळपणा मात्र दोघांनाही सारखाच, आणि त्यावर दोघांकडेही एकच उपाय आहे: जवळ जाणे.